कालचा सभ्य शब्द आज टोचतो तो का

समजा, १९२९ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एक मुलगी जन्मली. पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. तिच्या लहानपणी बसस्थानकातल्या पाण्याच्या नळावर ‘कलर्ड’ अशी पाटी होती, म्हणजे हा नळ तुमचा, पलीकडचा गोऱ्यांचा. १९३० च्या जनगणनेत प्रगणकाने तिच्या नावापुढे ‘निग्रो’ लिहिलं. १९६३ साली वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिच्या समाजाचा उल्लेख पुन्हा पुन्हा ‘निग्रो’ असाच केला, आणि तो पूर्ण आदराचा होता. १९७० च्या जनगणनेच्या फॉर्मवर ‘निग्रो किंवा ब्लॅक’ असा पर्याय आला. १९८८ नंतर वर्तमानपत्रं तिला ‘आफ्रिकन अमेरिकन’ म्हणू लागली. २०२० साली, तिने नव्वदी ओलांडल्यावर, त्याच वर्तमानपत्रांत ती ‘ब्लॅक’ झाली, तेही कॅपिटल ‘बी’ने.

बाई तीच, तिची नावं पाच. यातला प्रत्येक शब्द कधी ना कधी सभ्य मानला गेला आहे. आणि यातले दोन आज तिच्या नातवंडांसमोर उच्चारले, तर बोलणाऱ्याला माफी मागावी लागेल.

हे पाहून अनेकांची चिडचिड होते. ‘दर वीस वर्षांनी शब्द बदलतात, लक्षात तरी किती ठेवायचं?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला नीट उत्तर आहे. हे बदल फॅशनसारखे मनमानी नसतात. प्रत्येक बदलामागे ठरावीक कारण असतं, आणि ते कळलं की पुढचा शब्द घोकावा लागत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. शब्दाचा मूळ अर्थ चांगला असेल तर शब्द चांगला, वाईट असेल तर वाईट, असं आपण गृहीत धरतो. ‘निग्रो’ म्हणजे स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत नुसता ‘काळा’. लॅटिन ‘नायगर’वरून आलेला. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर १६१९ साली उतरवलेल्या आफ्रिकी माणसांची नोंद याच शब्दाने झाली. आज सन्मानाचा मानला जाणारा ‘ब्लॅक’ म्हणजेही ‘काळा’च. दोन्हींचा कोशातला अर्थ एकच असताना एक टाकला गेला आणि दुसरा स्वीकारला गेला. म्हणजे फरक व्युत्पत्तीत नाही. शब्द कोणी निवडला, कोणाच्या तोंडून ऐकू आला आणि तो ऐकू आला तेव्हा माणसाशी काय वागणूक होत होती, यात तो आहे.

पाच नावांचा प्रवास

अमेरिकेतल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी सुरुवातीला स्वतःला ‘आफ्रिकन’ म्हणवून घेतलं. १७८७ साली फिलाडेल्फियात ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ निघाली, १८१६ साली रिचर्ड ॲलन यांनी ‘आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च’ ही स्वतंत्र चर्चसंघटना उभी केली. त्याच वर्षाच्या शेवटी गोऱ्या पुढाऱ्यांनी ‘अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटी’ स्थापन केली. मुक्त कृष्णवर्णीयांना जहाजात बसवून आफ्रिकेत पाठवून द्यायचं, हा तिचा उद्देश. आता ‘आफ्रिकन’ म्हणवून घेणं धोक्याचं झालं. ‘तुम्हीच स्वतःला आफ्रिकन म्हणता, मग जा आफ्रिकेत’ असं म्हणायची सोय झाली. जन्म, घाम आणि कबरी अमेरिकेत असलेल्या लोकांनी तो शब्द मागे घेतला आणि ‘कलर्ड’ पुढे आला. १८३५ साली फिलाडेल्फियात भरलेल्या कृष्णवर्णीयांच्या अधिवेशनात तर विल्यम व्हिपर यांनी संस्थांच्या नावातून ‘आफ्रिकन’ काढा आणि ‘कलर्ड’ही सोडा, असा ठराव मांडला. आपण फक्त अमेरिकन, ही त्यांची भूमिका. नावाचा वाद समाजमाध्यमांच्या काळात सुरू झाला असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

‘कलर्ड’ हा शब्द तेव्हा सौम्य होता, म्हणूनच १९०९ साली स्थापन झालेल्या देशातल्या सर्वांत मोठ्या नागरी हक्क संघटनेच्या नावात तो आहे: ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’. पण दक्षिणेतल्या राज्यांनी हाच शब्द वेगळ्या नळावर, वेगळ्या डब्यावर, वेगळ्या शाळेवर रंगवला. शब्द पाट्यांवर चढला आणि पाट्यांचा अपमान शब्दात उतरला. संघटनेचं नाव मात्र आजही तेच आहे, कारण संस्थेचं नाव हा तिच्या लढ्याचा दाखला असतो. म्हणून संघटनेचं नाव जसंच्या तसं लिहायचं आणि माणसाला मात्र ‘कलर्ड’ म्हणायचं नाही. दोन्ही एकाच वेळी बरोबर आहे, त्यात विसंगती नाही.

‘निग्रो’ची गोष्ट अधिक समजून घेण्यासारखी आहे, कारण मराठीत हा शब्द सर्वांत जास्त काळ टिकला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्यासारख्यांनी हाच शब्द आग्रहाने वापरला. भांडण होतं ते पहिल्या अक्षराचं. इंग्रजीत देशांची आणि जमातींची नावं कॅपिटल अक्षराने सुरू होतात. जर्मन, आयरिश, ज्यू सगळे कॅपिटल, आणि निग्रो तेवढा लहान ‘एन’ने, जणू एखाद्या वस्तूचं नाव. या एका अक्षरासाठी अनेक वर्षं संपादकांना पत्रं लिहिली गेली. ७ मार्च १९३० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने कॅपिटल अक्षर स्वीकारलं. हा फक्त छपाईतला बदल नाही, पिढ्यान्‌पिढ्या लहान अक्षरात ठेवलेल्यांच्या आत्मसन्मानाची ही दखल आहे, अशा आशयाचं त्यांनी तेव्हा लिहिलं. तेव्हा ‘निग्रो’ हे कमावलेलं नाव होतं. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा त्या अर्पणपत्रिकेतला ‘निग्रो’ हा शब्द आणि १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पाठवलेल्या पत्रातला ‘निग्रो’ हा शब्द याच आदराच्या अर्थाने वाचायचा असतो. त्यांना आजच्या कसोटीवर दोषी धरणं चूक आहे, आणि त्यांचा दाखला देऊन आज तोच शब्द वापरणंही चूक आहे.

मग तो पडला कसा? जून १९६६ मध्ये मिसिसिपीतल्या ग्रीनवूड इथे नागरी हक्क चळवळीतले तरुण नेते स्टोकली कार्मायकल यांनी ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा दिली. तोवर ‘ब्लॅक’ हा त्या समाजातच अपमानाचा शब्द होता. एकमेकांना ‘काळा’ म्हटल्यावर हातघाई व्हायची. तरुणांनी नेमका तोच शब्द उचलला. आमचा रंग लपवायचा नाही, त्याला गोंडस नाव द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ. ‘निग्रो’ हा मग आईवडिलांचा, विनंतीअर्ज करणाऱ्या पिढीचा शब्द ठरला. आठ-दहा वर्षांत पारडं फिरलं. डिसेंबर १९८८ मध्ये जेसी जॅक्सन आणि इतर नेत्यांनी ‘आफ्रिकन अमेरिकन’ पुढे केला तेव्हा मुद्दा आणखी वेगळा होता: आयरिश अमेरिकन, इटालियन अमेरिकन यांच्याप्रमाणे आमचंही नाव रंगावरून नको, भूमीवरून आणि इतिहासावरून असावं. १८१६ नंतर भीतीने सोडलेला ‘आफ्रिकन’ अशा तऱ्हेने पावणेदोनशे वर्षांनी परत आला.

भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी १९९४ साली अशा बदलांना ‘युफेमिझम ट्रेडमिल’ म्हटलं, म्हणजे सौम्य शब्दांचा न संपणारा चालपट्टा. नकोशा गोष्टीसाठी नवा सौम्य शब्द आणा, काही वर्षांत जुनी नकोशी भावना त्यालाही चिकटते, मग आणखी नवा आणा. शौचालय, संडास, प्रसाधनगृह, वॉशरूम ही आपल्याकडची साखळी तशीच आहे. पण वंशांच्या नावांना हे स्पष्टीकरण अर्धंच लागू पडतं असं आमचं मत आहे. ‘कलर्ड’चं झालं ते चालपट्ट्यासारखं. ‘ब्लॅक’चं मात्र उलटं झालं. तो सौम्य शब्द नव्हताच, बोचणारा शब्द मुद्दाम छातीवर लावला गेला. हा फरक ओळखता आला की पुढचं बरंच सोपं होतं.

जनगणनेच्या फॉर्मवरचं गणित

नाव कोण ठरवतं, हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते अमेरिकेच्या जनगणनेत. १८९० साली प्रगणकांना दिलेल्या सूचनांत रक्ताचे अपूर्णांक होते. तीन चतुर्थांश किंवा जास्त ‘काळं रक्त’ असेल तर ‘ब्लॅक’, तीन अष्टमांश ते पाच अष्टमांश असेल तर ‘मुलाटो’, एक चतुर्थांश असेल तर ‘क्वाड्रून’ आणि एक अष्टमांश किंवा नुसता अंश असेल तर ‘ऑक्टरून’. म्हणजे आठ पणजोबा-पणज्यांपैकी एक कृष्णवर्णीय असेल तर शेवटचा गट. हे ठरवायचं कसं? प्रगणकाने दारात उभं राहून चेहरा पाहून. ते आकडे विश्वासार्ह नाहीत हे सरकारलाही मान्य करावं लागलं, आणि पुढच्या जनगणनेत क्वाड्रून, ऑक्टरून गेले. १९३० साली तर अपूर्णांकच संपवले: ‘निग्रो’ रक्ताचं प्रमाण कितीही कमी असो, माणूस ‘निग्रो’. याला ‘एका थेंबाचा नियम’ म्हणतात.

याच फॉर्मवर आपणही आहोत, हे फार कमी मराठी वाचकांना माहीत असतं. १९२०, १९३० आणि १९४० च्या अमेरिकी जनगणनेत ‘हिंदू’ हा वंश होता. धर्म नव्हे, वंश. कॅलिफोर्नियात शेती करणारा शीख आणि न्यूयॉर्कमध्ये राहणारा बंगाली मुसलमान हे दोघेही त्या रकान्यात ‘हिंदू’. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भारतीय माणूस शास्त्रज्ञांच्या भाषेत ‘कॉकेशियन’ असला तरी सामान्य माणसाच्या समजुतीत ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. पुढे १९७० च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांत मोजलं, आणि भारतीयांच्या संघटनांनी पाठपुरावा केल्यावर १९८० पासून ‘एशियन इंडियन’ हा स्वतंत्र पर्याय आला. आज न्यू जर्सीत फॉर्म भरणारी मराठी मंडळी त्याच चौकोनात खूण करतात.

१९६० पासून लोक आपला वंश स्वतः भरू लागले, आणि तिथून सत्ता हळूहळू प्रगणकाच्या पेन्सिलीकडून घरच्या टेबलाकडे सरकली. तरी ‘निग्रो’ हा शब्द २०१० पर्यंत फॉर्मवर होता: ‘ब्लॅक, आफ्रिकन अमेरिकन किंवा निग्रो’ असा एकच चौकोन. कारण व्यावहारिक होतं. वयस्कर लोकांपैकी काही जण स्वतःला अजूनही त्याच नावाने ओळखत होते. २०१३ मध्ये जनगणना विभागाने तो काढायचं जाहीर केलं, आणि २०१६ मध्ये ओबामा यांनी सही केलेल्या कायद्याने तो अमेरिकेच्या काही जुन्या संघीय कायद्यांतूनही गेला. ‘ओरिएंटल’ आणि ‘एस्किमो’ हे शब्दही त्याच कायद्याने गेले.

तोच शब्द, पण कोणाच्या तोंडी

‘निग्रो’ आणि त्याचा बिघडलेला उच्चार असलेली शिवी, जिला इंग्रजीत आता फक्त ‘एन-वर्ड’ म्हणतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला शब्द कालबाह्य आणि आज अनादराचा, दुसरा फार पूर्वीपासून शिवी. मराठी लिखाणात या दोघांची सरमिसळ होते आणि ‘किंग यांनीही एन-वर्ड वापरला’ अशी चुकीची वाक्यं छापली जातात. ती शिवी कृष्णवर्णीय तरुण आपसांत, गाण्यांत, सलगीने वापरतात हे खरं. त्याच समाजात तिला तीव्र विरोधही आहे. २००७ साली डेट्रॉइटमध्ये नावात ‘कलर्ड’ असलेल्या त्याच नागरी हक्क संघटनेने त्या शब्दाची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली होती. ‘ते वापरतात, मग आम्ही का नाही?’ याचं उत्तर आपल्या घरात आहे. भाऊ भावाला ज्या नावाने हाक मारतो त्या नावाने शेजारच्याने हाक मारली तर चालत नाही. आणि इथे तो शेजारी पिढ्यान्‌पिढ्या मालक होता.

सीमा ओलांडताना तर प्रामाणिक माणूसही अडकतो. नोव्हेंबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये खेळणारा उरुग्वेचा फुटबॉलपटू एडिन्सन कवानी याने एका मित्राच्या अभिनंदनाला ‘ग्रासियास नेग्रितो’ असं उत्तर दिलं. उरुग्वेत ‘नेग्रितो’ हे लाडाचं संबोधन. गोऱ्या मित्रालाही म्हणतात. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने त्याला तीन सामन्यांची बंदी आणि एक लाख पौंड दंड केला. उरुग्वेच्या भाषा अकादमीने निषेध केला, आमची भाषा तुम्हाला कळत नाही म्हणून. भाषेच्या दृष्टीने अकादमीचं म्हणणं बरोबर होतं. पण जाहीर मजकूर लिहिणारा जिथे उभा आहे आणि वाचणारा जिथे बसला आहे, त्या दोन्ही जागा मोजाव्या लागतात.

याचीच आपल्याकडची बाजू जून २०२० मध्ये दिसली. वेस्ट इंडीजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी याने सांगितलं की आयपीएल खेळताना त्याला ‘काळू’ म्हणत, आणि त्याचा अर्थ ताकदवान घोडा असावा असं त्याला वाटत होतं. खरा अर्थ कळल्यावर तो दुखावला. पुढे एका सहकाऱ्याशी बोलणं झालं आणि ते प्रेमाने म्हटलं होतं असं कळल्याचंही त्याने सांगितलं. आपल्या गावात काळ्या, काळू ही टोपणनावं असतात, विठोबाला आपण सावळा म्हणून आळवतो. तरी मराठी मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात ‘सावळी’ हा शब्द दबक्या आवाजात येतो, हेही आपल्याला माहीत आहे. रंगाचा शब्द आपल्या भाषेत निरागस आहे हा दावा आपण स्वतःच रोज खोटा पाडतो.

देश बदलला की शब्दाचं वजनही बदलतं. दक्षिण आफ्रिकेत ‘कलर्ड’ हे एका विशिष्ट मिश्रवंशीय समाजाचं नाव आहे. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने ते त्यांच्यावर शिक्क्यासारखं मारलं, आणि आज त्यातले अनेक जण ते आपली ओळख म्हणून सांगतात. तिथे कोणी स्वतःला तसं म्हणवलं तर त्याची दुरुस्ती करायला जाऊ नये. ब्रिटनमध्ये मात्र १० नोव्हेंबर २०२० रोजी फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष ग्रेग क्लार्क खासदारांच्या समितीपुढे ‘कलर्ड फुटबॉलर्स’ बोलून गेले, आणखीही काही आक्षेपार्ह विधानं केली, आणि त्याच दिवशी पद सोडलं. ‘एशियन’ म्हटल्यावर लंडनमध्ये भारतीय-पाकिस्तानी-बांगलादेशी डोळ्यांपुढे येतात, लॉस एंजेलिसमध्ये चिनी, कोरियन, फिलिपिनो. ‘कुली’ हा आपल्याकडे स्टेशनवरचा हमाल. दक्षिण आफ्रिकेत आणि कॅरिबियनमध्ये तो भारतीय वंशाच्या माणसाला उद्देशून दिलेला अपशब्द आहे. डर्बनमध्ये सामान उचलणाऱ्याला त्या नावाने हाक मारू नका.

बाहेरून दिलेलं नाव टिकत नाही

हेतू चांगला असला तरी नाही. अमेरिकेत लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांसाठी ‘लॅटिनेक्स’ हा लिंगनिरपेक्ष शब्द विद्यापीठांतून आणि कंपन्यांतून पसरला. प्यू संशोधन केंद्राच्या २०२० च्या पाहणीत त्या समाजातले फक्त ३ टक्के प्रौढ स्वतःसाठी तो वापरत होते. स्पॅनिश बोलणाऱ्याच्या जिभेवर तो बसतच नाही.

महाराष्ट्राला हा धडा शिकवायची गरज नाही. जात आणि वंश एक नव्हेत, पण नावाचं राजकारण सारखं आहे. गांधीजींनी १९३२-३३ च्या सुमारास रूढ केलेला ‘हरिजन’ हा शब्द प्रेमाने दिलेला होता. १९३८ साली मुंबई विधानसभेत तो कायद्यात घालायचं ठरलं, तेव्हा डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. ज्यांचं नाव ठरतं आहे त्यांना विचारलं नाही, हा आक्षेप. १९७२ साली मुंबईत तरुणांनी ‘दलित पँथर’ काढली. ‘पँथर’ आला तो १९६६ साली ओकलंडमध्ये निघालेल्या ‘ब्लॅक पँथर’वरून, आणि ‘दलित’ने केलं ते ‘ब्लॅक’ने केलं होतं तेच: जखमेचं नाव लपवायचं नाही, ते घेऊन उभं राहायचं. सरकारी कागदावर मात्र १९३५ च्या कायद्यापासून ‘अनुसूचित जाती’ आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने वाहिन्यांना ‘दलित’ टाळायचा सल्ला दिला, तेव्हा चळवळीतल्या लोकांनी विरोध केला. प्रशासनाचा शब्द आणि चळवळीचा शब्द एकाच वेळी नांदू शकतात. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायचं कारण नाही.

आपल्या जुन्या शब्दांचं काय

आफ्रिकी माणसाशी मराठीची ओळख इंग्रजांच्या फार आधीची आहे. ‘हबशी’ म्हणजे ‘हबश’चा, अर्थात आजच्या इथिओपियाचा. शिवी नव्हे, पत्ता. जंजिऱ्याच्या मुलखाला जुन्या कागदांत ‘हबसाण’ म्हणतात. ‘सिद्दी’ तर थेट मानाचा शब्द. अरबी ‘सय्यिदी’, म्हणजे ‘माझे स्वामी’, यावरून तो आला असं मानतात. निजामशाहीचा कारभार चालवणारा, १६१० साली खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवणारा मलिक अंबर हबशी होता, आणि ते त्याच्या शत्रूंनाही विसरता आलं नाही. आज ‘हबशी’ हिंदी-मराठी बोलण्यात हिणवण्यासाठी वापरला जातो, म्हणून इतिहासाच्या लिखाणाबाहेर तो वापरू नये. ‘सिद्दी’ मात्र जिवंत, स्वीकारलेलं नाव आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ साली त्याच नावाने अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, आणि त्यांच्यातले अनेक जण घरी कोकणीच बोलतात. एकाच समाजाला लावलेले दोन शब्द, एक खाली गेला आणि एक राहिला, कारण राहिलेला त्यांनी स्वतःचा मानला.

‘काफिर’चा प्रवास उलट्या टोकाचा. अरबी व्यापाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेतल्या बिगरमुस्लिमांना लावलेला हा शब्द पोर्तुगीजांत ‘काफ्रे’ झाला आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत वंशभेदी शिवी बनला. तिथे त्याचा वापर आज गुन्हा ठरू शकतो. २०१८ साली पोलिसांना वारंवार ही शिवी देणाऱ्या एका स्त्रीला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

मराठीत लिहिताना

पहिली अडचण लिपीची. जून २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने कॅपिटल ‘बी’ स्वीकारला, कारण लहान ‘ब्लॅक’ हा रंग आणि कॅपिटल ‘ब्लॅक’ ही ओळख. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही. ‘काळा’ लिहिलं की रंगच वाचला जातो. ‘कृष्णवर्णीय’ सभ्य आहे आणि वृत्तपत्रांत रुळला आहे, पण तोही शेवटी कातडीचा रंगच सांगतो, आणि मराठी कानाला तो सोलापूरच्या माणसालाही लागू पडू शकतो. म्हणून असं करावं: अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांबद्दल लिहिताना ‘आफ्रिकी-अमेरिकी’, अमेरिका, ब्रिटन, ब्राझील अशा सगळ्यांना मिळून लिहायचं तर ‘कृष्णवर्णीय’, आणि चळवळीचं, संघटनेचं नाव असेल तर ‘ब्लॅक’ जसंच्या तसं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या जमैकन वंशाच्या माणसाला ‘आफ्रिकी-अमेरिकी’ लिहिणं ही नेहमी होणारी चूक आहे. तो अमेरिकी नाहीच.

पुण्यात शिकणाऱ्या मुलाबद्दल लिहिताना देश माहीत असेल तर देश लिहा: नायजेरियन, केनियन, सुदानी. आफ्रिकेत ५४ देश आहेत. आणि बातमीला वंशाचा संबंध नसेल तर तो लिहूच नका. ‘मराठी तरुणाला दंड’ असा मथळा आपण देत नाही.

व्याकरणही पाहा. ‘काळे’, ‘गोरे’, ‘निग्रो’ अशी नुसती नामं माणसाला एका गुणात बंद करतात. ‘कृष्णवर्णीय नागरिक’, ‘आफ्रिकी-अमेरिकी मतदार’ असं विशेषण आणि नाम मिळून लिहिलं की माणूस वाक्यात उरतो. एका गटाला ‘गौरवर्णीय’ आणि दुसऱ्याला ‘काळे’ असं एकाच वाक्यात येऊ देऊ नका. हे संपादनात सहज निसटतं.

‘रेड इंडियन’ आता सोडायलाच हवा. तिथले लोक ‘नेटिव्ह अमेरिकन’ आणि ‘अमेरिकन इंडियन’ दोन्ही वापरतात. १९४४ पासूनच्या त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नावात ‘अमेरिकन इंडियन’ आहे. मराठीत ‘इंडियन’ने गोंधळ होतो, म्हणून ‘मूळ अमेरिकी’, आणि शक्य तिथे थेट जमातीचं नाव: चेरोकी, लकोटा, नवाहो. ‘एस्किमो’ऐवजी ‘इन्युइट’ लिहितात, पण अलास्कातले युपिक लोक इन्युइट नाहीत, त्यांना सरसकट तसं लिहिलं तर सुधारणा करताना नवी चूक होते. ‘जिप्सी’साठी १९७१ च्या जागतिक परिषदेने ‘रोमा’ स्वीकारला. ब्रिटनमधले काही समाज स्वतःला अजूनही जिप्सीच म्हणवतात.

जुन्या पाठ्यपुस्तकांतले ‘मंगोलॉइड’, ‘निग्रॉइड’, ‘कॉकेशियन’ हे कवट्या मोजणाऱ्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकाचे अवशेष आहेत. त्यातूनच डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाला ‘मंगोल’ म्हणायची पद्धत आली, १८६६ साली जॉन लँगडन डाउन यांच्यापासून. मंगोलियाने आक्षेप घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ मध्ये तो शब्द सोडला. एका देशाचं नाव आजारासाठी वापरायचं आणि आजारी मुलाला परका वंश चिकटवायचा, असा दुहेरी अपमान त्यात होता. आपल्याकडे तो दवाखान्यांच्या बोलण्यात त्यानंतरही रेंगाळला. ईशान्य भारतातल्या लोकांच्या चेहऱ्यावरून बोलला जाणारा ‘चिंकी’ त्याच जातकुळीचा. २०१२ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना कळवलं की अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उद्देशून तो वापरला तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो.

अनुवादकांचा प्रश्न सर्वांत अवघड. मार्क ट्वेन यांच्या ‘हकलबरी फिन’मध्ये ‘एन-वर्ड’ ही शिवी दोनशेहून जास्त वेळा येते. २०११ साली एका अमेरिकी प्रकाशकाने तिच्या जागी ‘गुलाम’ असा शब्द घालून आवृत्ती काढली आणि मोठा वाद झाला. आमच्या मते पात्राच्या तोंडची शिवी शिवीच राहू द्यावी, नाहीतर लेखकाने दाखवलेला समाज धुतला जातो. पण निवेदकाच्या तटस्थ वाक्यात ‘निग्रो’ असेल आणि पुस्तक १९५० चं असेल, तर तो तसाच ठेवून पहिल्या पानावर दोन ओळींची टीप द्यावी: हा त्या काळचा प्रचलित शब्द आहे. चरित्र किंवा इतिहास आज नव्याने लिहीत असाल तर अवतरणात जुना शब्द, अवतरणाबाहेर आजचा.

संपादकाच्या टेबलावर शब्दसूची असतेच; तिच्यात प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात: कोणत्या देशासाठी, कोणत्या संघटनेने किंवा समाजाने स्वीकारलेला, आणि नोंद कोणत्या वर्षी केली. तिसरा रकाना बहुतेक जण सोडतात. मग १९९५ ची यादी २०२५ मध्ये नियम म्हणून फिरत राहते, आणि नव्याने रुजू झालेला उपसंपादक तिच्यातून ‘रेड इंडियन’ उचलतो.